विहीणबाईंची वेगळी चूल

४ जुलै, चाकूर

हाताचं प्लॅस्टर आज निघालं. मनगट वाळक्या शेंगेसारखं दिसतंय. न्हाणीघरात घसरून पडले तेव्हा माझी हाक शेजारच्या भामाबाईला ऐकू जाईपर्यंत दुपार झाली होती. हे सुदर्शनला कळलं आणि त्याने एकच धोशा लावला, "आई, आता एकटीनं राहायचं नाही."

आज पुण्याहून आला तो मोबाइलमध्ये फोटो घेऊनच. लातूरच्या पलीकडे नवं 'ज्येष्ठ निवास' निघालंय म्हणे. बाग, बाकडी, देवघर, आठवड्याला डॉक्टर. फोटोतली सगळी म्हातारी माणसं हसत होती. इतकी वर्षं एसटीच्या चौकशी खिडकीत काढली मी. जो उगाच हसतो त्याची गाडी चुकलेली असते एवढं मला कळतं.

"वृद्धाश्रम म्हण की सरळ," मी म्हणाले.

"तसं नसतं ते आता."

पुण्याला सुदर्शन आणि सून गीतांजलीकडं राहून बघितलंय. दोघं सकाळी बाहेर पडतात ते दिवे लागल्यावर येतात. दिवसभर दार लावून लिफ्टचा आवाज ऐकायचा. तिथं नको आणि निवासात तर त्याहून नको. शेवटी दिवाळीपर्यंत मुदत मागून घेतली. तोवर सोबतीची काही सोय केली तर ठीक, नाही तर तो म्हणेल तिथं जाईन, असा शब्द दिला. शब्द देऊन बसले आणि आता कॅलेंडरवर दिवाळी शोधतेय.

७ जुलै

सोय सापडली! गीतांजलीची आई. माझी विहीण, चांगुणाबाई.

देवणीला मुलाकडं असते. व्यंकट शाळेची गाडी चालवतो, त्याची बायको घरातच पिठाची गिरणी चालवते. चांगुणाबाईची बाज गिरणीच्या खोलीत. मागे गेले होते तेव्हा बाई पापण्यांपर्यंत पांढरी झालेली बघितली होती. तिला जागा नाही, मला माणूस नाही. दोन म्हाताऱ्या एका घरात राहिल्या तर कुणाचं काय जातं?

व्यंकटला फोन केला तर तो गडबडला. "ईनबाई, माय लेकीच्या सासरी ऱ्हाती म्हनल्यावर लोक माझ्या तोंडात शेण घालतील की."

मागून चांगुणाबाईचा आवाज आला, "घालू दे. तू तोंड मिटून बस. मी येते म्हनून सांग त्यास्नी."

१४ जुलै

आल्या. सोबत एक गाठोडं, ज्वारीचं पोतं, स्वतःचा तवा आणि परात. मी म्हणाले, "हे कशाला? घरात पीठ नाही का?"

"ईनबाई, रीत हाय. गीताला अजून लेकरू न्हाई. तवर तिच्या घरचं अन्न मला चालत न्हाई."

आमच्याकडं हे आहेच. लेकीला मूलबाळ होईपर्यंत आईबाप तिच्या सासरी जेवत नाहीत. माझ्या आईनेही पाळलं होतं. पण गीतांजलीच्या लग्नाला दहा वर्षं होऊन गेली. तो विषय मी घरात काढत नाही. आता ही बाई माझ्या घरात राहणार आणि जेवणार नाही, म्हणजे पंचाईत. शेवटी मीच तोड काढली. परसदाराच्या पडवीत एक शेगडी मांडून दिली. त्यांची ज्वारी, त्यांचा तवा, त्यांची चूल. माझ्या घराचा दाणा त्यात नाही. रीतही राहिली आणि बाईही राहिली. माझ्या डोक्याचं मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू.

२ ऑगस्ट

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहायला वेळ कुठंय? बोलण्यातच दिवस जातो.

ही बाई उजाडायच्या आधी उठून अंगण झाडते. मला सकाळच्या बातम्या लागतात, तिला लागत नाहीत. "येवढी मानसं एकदमच का भांडून ऱ्हायलीत?" म्हणते आणि बंद करते. मी वेणीफणी घड्याळाकडं बघून करते, ती हसते. "तुमची बस हुकत हाय का ईनबाई?" न्हाणीत गेले की दाराबाहेर पाट टाकून बसते आणि आत आवाज नाही आला तर खोकते. मीही उत्तरादाखल खोकते.

आवाज मात्र तिचा बसलेलाच आहे. गिरणीचं पीठ किती वर्षं घशात गेलंय. रोज हळदीचं दूध घ्या म्हणून मी मागे लागलेय.

सुदर्शनने फोनवर विचारलं, "जमतंय का?" मी म्हणाले, पोराहो, तुमच्यापेक्षा बरं जमतंय.

२ सप्टेंबर, पोळा

आज चिडले. पुरणपोळ्या मी त्यांच्या शेगडीवर, त्यांच्याच तव्यावर केल्या. डाळ आणि गूळही त्यांच्या पैशांनी आणवला, म्हणजे बोलायला जागा नको. बाई पाटावर बसल्या, बोटाने नुसतं पुरण चाटलं आणि पोळी गाईला घालून आल्या.

"अहो, सगळं तुमचंच होतं की!"

"हात तर तुमचा लागला न्हवं," म्हणाल्या आणि हसल्या.

इतकंही सोवळं बरं नव्हे. तिन्ही त्रिकाळ ज्वारीची आंबील पिऊन राहतात. भाकरी टाकतात, पण चतकोर मोडून कुस्करतात आणि उरलेली गाईच्या तोंडी. भामाबाईला मी सांगितलं, अशी रीत पाळणारी बाई आता शोधून सापडायची नाही. बोलताना राग होता की अभिमान, मलाच कळलं नाही.

संध्याकाळी ओट्यावर बसून देवणीच्या बैलांच्या गोष्टी सांगितल्या. त्यांच्या नवऱ्याची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची जोडी होती. बैल विकले त्या दिवशी नवरा जेवला नाही, म्हणाल्या. मी म्हणाले, तुमच्या घराण्यात न जेवण्याचीच आवड दिसते. खूप हसलो.

२६ सप्टेंबर

माहूरला जाऊन आलो. नवरात्राची गर्दी व्हायच्या आत जाऊ, असा त्यांनीच हट्ट धरला. नांदेडहून पुढची गाडी लागायला वेळ होता म्हणून स्थानकावर मी त्यांना कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागते ते सांगत बसले. बाई कौतुकाने ऐकत होत्या.

पायऱ्यांवर सारखा दम लागत होता. मनगट माझं मोडलेलं, आणि धरून मीच त्यांना नेत होते. रेणुकेसमोर बराच वेळ हात जोडून उभ्या होत्या. काय मागितलं विचारलं तर म्हणाल्या, "थोडी मुदत."

कसली मुदत? गीताला मूल व्हायला, दुसरं काय असणार.

एका गोष्टीचं वाईट वाटलं. देवीचा प्रसाद म्हणून कुटलेल्या विड्याचा तांबूल मिळतो. त्यांनी तोंडात घातला आणि बाजूला वळून पदरात थुंकला. डोळ्यांत पाणी आलं होतं. मी बघितलं नाही असं दाखवलं. देवीचा प्रसाद थुंकायचा म्हणजे काय! की देवीकडंही लेकीच्या सासरकडून आलोय म्हणून चालत नाही?

१९ ऑक्टोबर

शिंप्याकडं जाऊन त्यांची दोन्ही पोलकी उसवून आत घेतली. शिंपी म्हणाला, आधीचं माप कुणी घेतलं होतं? देवणीचे शिंपी ढगळच शिवतात वाटतं.

दिवाळी जवळ आली. सुदर्शन आणि गीतांजली येणार, म्हणजे माझी परीक्षा. चांगुणाबाईला मी तसं बोलून दाखवलं. म्हटलं, त्यांनी सगळं नीट बघितलं तर मी सुटले, नाही तर बाग आणि बाकडी.

त्यांनी माझा हात धरला. "मी हाय न्हवं. तुमाला कोन न्हेत न्हाई."

२ नोव्हेंबर, दिवाळी

परीक्षा पास झाले. पण पास झाल्यासारखं वाटत नाही.

चांगुणाबाई गेले दोन दिवस नुसत्या वाऱ्यासारख्या फिरत होत्या. सडा, रांगोळी, सुदर्शनला उटणं. जावई खूश. म्हणाला, "आई, तुमचं दोघींचं छान चाललंय. निवासाचं राहू दे तूर्त." मला वाटलं उठून नाचावं.

पण गीतांजली आईकडंच बघत होती. "माय, किती वाळलीस गं तू?"

"म्हातारं मानूस वाळतंच की."

मी आपली बोलून गेले, "अगं जेवतात कुठं? तुझ्या घरचं अन्न नको. एवढी चूल मांडून दिली तरी रीत काही सोडत नाहीत."

गीतांजलीचा चेहरा उतरला. ती आईसमोर बसली. "मला मूल नाही म्हणून तू उपाशी राहतीस? माझ्यासाठी? दवाखाने केले, नवस केले, अजून काय करू मी माय?" आणि ढसाढसा रडायला लागली.

चांगुणाबाई लेकीजवळ सरकल्या. माझ्याकडं एकदा बघितलं, मग सुदर्शनकडं. मग माझ्या ताटातली करंजी उचलली, मोडली आणि लेकीसमोर तोंडात घातली. रीत मोडली! मी बघतच राहिले. पण लगेच असा ठसका लागला की चेहरा काळानिळा पडला. उठून परसदारी गेल्या. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन आल्या आणि म्हणाल्या, "बघ, देवालाच मंजूर न्हाई."

गीतांजली उठून आत निघून गेली. आज जाताना आईच्या पाया पडली, पण गळ्यात नाही पडली.

असलं बोलून लेकीचं काळीज जाळायचं काय कारण होतं? इतकी शहाणी बाई, पण रीतीपुढं लेक दिसली नाही. मला राग आलाय.

२४ नोव्हेंबर, लातूर

दवाखान्याच्या बाकावर बसून लिहितेय.

परवा सकाळी अंगण झाडल्याचा आवाज आला नाही. पडवीत गेले तर चांगुणाबाई शेगडीपाशी आडव्या पडलेल्या. रात्रीपासून पाण्याचा घोटही आत जात नव्हता. भामाबाईच्या मुलाने रिक्षा आणली. इथं आज दुर्बीण घालून बघितलं. अन्ननलिकेत मोठी गाठ आहे, आजार पसरलाय. डॉक्टर मला विचारत होते, "इतके दिवस घास अडकत असणार. तुम्ही एका घरात राहता ना? लक्षात आलं नाही?"

मी म्हणाले, आमच्यात रीत आहे.

२५ नोव्हेंबर

सकाळी विचारलं त्यांना. नाकात नळी, आवाज अगदी खोल गेलेला.

"कधीपासून?"

"पोळ्याच्या आधीपासून. आदी भाकर अडकायची. मग भात बी."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर व्यंकटनं मला न्हेलं असतं. अन तुमचं लेकरू तुमाला तिकडं टाकून गेलं असतं." नाकातली नळी चाचपली. "दिवाळीपस्तोर कड काढावी म्हनलं. मग वाटलं, अजून जरासं. मला बी तुमच्याकडं बरं वाटून ऱ्हायलं होतं. हितं झोप लागती."

मी म्हणाले, चांगुणाबाई, रीत म्हणून खात नाहीत असं मी गावभर सांगत होते हो.

"आदी रीतच होती. मंग रीत कामाला आली."

मी रडायला लागले तर माझ्या मोडक्या मनगटावर हात ठेवला. "गीताला सांगू नका. तिला वाटू द्या रीतच होती. खरं कळलं तर तुमच्यावर राग धरंल. तुमाला तिच्याजवळच म्हातारपन काढायचं हाय."

११ डिसेंबर, चाकूर

व्यंकट त्यांना देवणीला घेऊन गेला. रेडिएशनचे शेक द्यायचे तर लातूर जवळ, माझ्याकडं ठेवू म्हणून मी पाया पडायची बाकी राहिले. सुदर्शन फोनवर म्हणाला, "आई, तुझं तुला होत नाही." डॉक्टरांनीही शेक दिल्याने फार काही व्हायचं नाही, असंच सांगितलं. व्यंकटने तोंडातून वावगा शब्द काढला नाही. ज्वारीचं उरलेलं पोतं न्यायला मात्र विसरला नाही. त्याची आईच म्हणाली असेल, मागं ठेवू नको.

गीतांजली देवणीला रजा टाकून राहिलीय. काल फोनवर म्हणाली, "मला एक जरी लेकरू असतं तर माय तुमच्या पंगतीला बसली असती. पहिल्या दिवशीच कळलं असतं सगळ्यांना. माझ्यामुळं झालं."

मी म्हणाले, "असं नको म्हणूस." एवढंच म्हणाले. फोन ठेवून दिला.

पुढचं म्हणायला तोंड उघडलं नाही. सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही. नाही सांगितलं तर जन्मभर स्वतःला खात राहील. चांगुणाबाईचा शब्द आहे, असं मी मनाला सांगते. पण तो शब्द मला किती सोयीचा आहे, तेही मला कळतं. आणि दुसरंही एक रोज डोक्यात येतं. पोलकं उसवलं तेव्हा, प्रसाद थुंकला तेव्हा मला खरंच दिसलं नव्हतं, की दिसलं असतं तर निवासात जावं लागलं असतं म्हणून दिसलं नव्हतं?

९ जानेवारी

चांगुणाबाई काल सकाळी गेल्या.

माणूस गेलं की त्या घरची चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी भाकरी-पिठलं करून न्यायचं, घरच्यांना बळं भरवायचं. कडू घास म्हणतात त्याला. सोयरी मीच. निरोप आल्याबरोबर भाकरी थापल्या, मोडक्या मनगटाने जमल्या तशा, आणि भामाबाईच्या मुलाबरोबर देवणीला गेले. माती उरकली होती. गिरणी बंद होती. त्या खोलीत गीतांजली आईच्या बाजेवर बसलेली.

व्यंकटला घास दिला, त्याच्या बायकोला दिला. गीतांजलीसमोर बसले तर तिने तोंड फिरवलं. "मला नको. माझ्या मायला मी उपाशी मारलं."

मग मी सांगितलं. सगळं. पोळ्यापासून अडकणारा घास, माहूरची मुदत, दवाखान्यातलं बोलणं. "तुझ्या मूल नसण्याचा यात काही संबंध नाही गीता. मला आश्रमात जावं लागू नये म्हणून ती गप्प बसली. तुझ्यासाठी नाही, माझ्यासाठी उपाशी राहिली. आणि मी तिच्या शेजारी पोटभर जेवत होते."

ती माझ्याकडं बघत होती. मग माझ्या हातातला घास तिने काढून घेतला आणि स्वतःच्या हाताने खाल्ला. माझ्या हातचा नाही खाल्ला.



१ फेब्रुवारी

आज सुदर्शन गाडी घेऊन आला. निवासात खोली रिकामी झालीय. मी कालच पिशवी भरून ठेवली होती. भांडायची ताकद राहिली नाही, आणि कशासाठी भांडायचं? हे घर राखायला एक बाई गेली, तरी ते राखता आलं नाही. पडवीकडं तर मला बघवतही नाही. सुटले एकदाची, असंच वाटत होतं.

गीतांजलीही आली होती. तेराव्यानंतर तिचा मला एक फोन नव्हता. घरात आली, पाणी प्याली आणि माझी पिशवी उचलून परत खोलीत ठेवून आली.

सुदर्शन म्हणाला, "अगं, उशीर होतोय."

"त्या कुठं जाणार नाहीत."

"गीता, ठरलंय आपलं."

"तुमचं ठरलंय." मग ती माझ्याकडं वळली. आवाज चढलेला नव्हता. "भामाबाईंच्या सुनेशी बोललेय मी. ती मुक्कामाला येईल. महिन्याकाठी मी येत जाईन. तुम्हाला आवडो न आवडो, इथंच राहायचं. माझ्या मायनं ज्याच्यासाठी घास सोडला ते घर तुम्ही सोडून जायचं नाही, आई."

मी म्हणाले, "मला इथं राहवत नाही गं."

"मलाही येववत नाही," ती म्हणाली. "तरी आले ना?"

सुदर्शनने निवासात फोन करून खोली नको म्हणून कळवलं. आश्रम टळला. जुलैत जे मागितलं होतं ते सगळं मिळालं. हे तिने मला माफ केलं की शिक्षा दिली, ते मी विचारलं नाही, आणि विचारणारही नाही. स्वयंपाक तिने केला. आम्ही तिघं जेवायला बसलो. तिने माझ्या ताटात भाकरी वाढली आणि मी ती संपवेपर्यंत माझ्या घशाकडं बघत बसली.